आठ भोकांचा पुठ्ठा

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. यंत्रांच्या बाबतीत ती निम्मी उलटी करून वाचावी लागते. यंत्राचे दुखणे मुंगीच्या पावलांनी येते. कित्येक दिवस ते येत आहे हेच आपल्या ध्यानी येत नाही, आणि एके दिवशी भर घाटात ते हत्ती होऊन पुढ्यात उभे राहते. आमच्या घरच्या जुन्या अँबेसिडर गाडीने हा धडा आम्हांस आंबोलीच्या घाटात शिकवला.

सावंतवाडीहून बेळगावकडे परतत होतो. मागच्या आसनावर चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई होती. निम्मा घाट चढलो असू-नसू, तोच तापमानाचा काटा उजवीकडे झुकला आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला. गाडी कडेला घेतली. रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडण्याचा मोह झाला. परंतु तो आवरला, हे बरे झाले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की आतले उकळते पाणी थेट तोंडावर येते. तासभर थांबून, पाणी घालून, थांबत थांबत कसेबसे घर गाठले.

वाटेत आई एकच वाक्य बोलली : ‘रोज पाणी कमी होतंय म्हणत होतास ना? माणूस असतं तर एव्हाना डॉक्टरला दाखवलं असतंस.’

या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन महिने आम्ही दररोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालीत होतो आणि ‘जुनी गाडी आहे, पाणी पिणारच’ असे स्वतःस समजावीत होतो. पाणी खाली ठिबकत नव्हते. मग ते जाते कोठे, हा साधा प्रश्न आम्ही स्वतःस कधी विचारलाच नाही.

ही गाडी आमच्या वडिलांनी १९७८ साली घेतली. ते डॉक्टर होते. खानापूर तालुक्यातील खेड्यांतून, भर पावसात, रात्री-अपरात्री या गाडीने त्यांना रुग्णांच्या दारापर्यंत नेले आणि सुखरूप परत आणले. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७-५८ च्या सुमारास अँबेसिडर काढली, आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मंत्र्यांची गाडी, टॅक्सीवाल्यांची गाडी, लग्नातल्या वऱ्हाडाची गाडी अशी तिची नानाविध रूपे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या घरात मात्र ती ‘दवाखान्याची गाडी’ होती. वडील २००९ साली गेले, गाडी राहिली.

घाटातून परतल्यावर घरात सरळ दोन पक्ष पडले. धाकटे बंधू म्हणाले, ‘दादा, भंगारवाला देईल ती किंमत घे आणि मोकळा हो. इंजिन उघडायचं म्हणजे खर्चाला तळ नाही.’ त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. अशा गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीस न्यावे लागते, नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि सुटे भाग शोधत हिंडावे लागते ते वेगळेच. आई काही बोलली नाही. आम्ही म्हटले, आधी निदान होऊ द्या.

निदानासाठी आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आला. दहावीत मराठीच्या पेपरात तो आमच्याकडून जेमतेम पस्तीस गुण घेऊन सुटला होता. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. त्याने तेल भरण्याच्या जागेचे झाकण काढून उलटे धरले. त्यावर ताकासारखा पांढुरका साका जमला होता. मग रेडिएटरचे झाकण काढून त्याने थंड इंजिन सुरू करावयास लावले. पाण्यात बुडबुडे येऊ लागले.

‘सर, हेडाचं पॅकिंग गेलंय बघा. पाणी सिलिंडरात जातंय, तेलात जातंय. हेड उतरवल्याशिवाय इलाज नाही.’

येथे क्षणभर थांबून हे हेड म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. इंजिनाचा खालचा अवजड भाग म्हणजे ब्लॉक. आमच्या गाडीच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात त्याच्यात चार उभे सिलिंडर असून त्यांत चार पिस्टन वरखाली होतात. या सिलिंडरांवर जे बिडाचे जड झाकण बसते ते सिलिंडर हेड. पेट्रोल आणि हवा आत घेणाऱ्या व जळका वायू बाहेर सोडणाऱ्या आठ झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, या झाकणातच असतात. झाकण आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ चकती असते; तिला पुस्तकात गॅस्केट आणि गॅरेजात पॅकिंग म्हणतात. आपल्या घरच्या कुकरच्या रिंगचे जे काम, तेच तिचे. मात्र अधिक कठीण. एकाच वेळी तिला सिलिंडरातील आगीचा स्फोट, शेजारच्या वाटेने वाहणारे पाणी आणि त्याहून वेगळ्या वाटेने जाणारे तेल, या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. कुकरची रिंग गेली तर वाफ जाते. हे पॅकिंग गेले तर आग, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात.

‘माझ्या गॅरेजात टाका, नाहीतर इथंच अंगणात करू,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही जवळ बसा की सर. एकदा बघितलं की भीती जाते.’ आम्ही अंगण निवडले. शाळेला सुटी होती.

त्या दोन दिवसांत जे पाहिले ते क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या घरी नाही, त्यांनाही होईल असे वाटते.

पहिल्या सायंकाळी त्याने केवळ एक गोष्ट केली. हेडाच्या नटांवर आणि स्टडांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले आणि घरी निघाला. आम्ही म्हटले, ‘अरे, निदान वरचे झाकण तरी आज काढू.’ त्यावर तो म्हणाला, ‘गरम हेडाला पाना लावायचा नाही बघा सर. वाकतं. रातभर निवू दे, तेलबी मुरू दे.’ तापलेला धातू फुगलेला असतो. त्या अवस्थेत त्याच्यावरचा ताण वेडावाकडा सुटला तर तो सपाट राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीची तार काढून कामास आरंभ झाला. रेडिएटरची तोटी आणि ब्लॉकच्या बाजूची तोटी, अशा दोन्ही उघडून पाणी बाहेर काढले. केवळ रेडिएटरची तोटी उघडून भागत नाही, कारण ब्लॉकमधले पाणी मागे राहते. पाण्यात कूलंट मिसळलेले असेल तर ते पसरट भांड्यात धरून झाकून ठेवावे. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असते. कुत्र्यामांजरांनी ते चाटले तर जिवावर बेतते.

त्यानंतर हेडाला बाहेरून जे जे चिकटलेले, ते ते सोडवण्याची पाळी. वरचा होज पाइप, तापमानाच्या काट्याकडे जाणारी जोडणी, हवेची गाळणी, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटर व चोकच्या तारा, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि खाली सायलेन्सरकडे जाणारा पाइप. पेट्रोलची नळी सुटली की आसपास विडी-काडी चालत नाही, हे सांगावयास नकोच. प्रत्येक नट ज्या भागाचा, त्या भागाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या डबीत गेला. प्लगच्या चार तारांवर १, २, ३, ४ असे आकडे चिकटवले. या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. तारांची अदलाबदल झाली तर पुढे कितीही मेहनत केली तरी इंजिन धड चालणार नाही. प्लग मात्र तूर्त जागीच राहू दिले. का, ते पुढे येईल.

मग वरचे पत्र्याचे झाकण काढले. आत एका दांड्यावर आठ रॉकर ओळीने बसलेले दिसले. खालून येणाऱ्या सळ्या, म्हणजे पुशरॉड, या रॉकरांना ढकलतात आणि रॉकर झडपांना दाबतात. येथे या इंजिनाची एक खोच आहे. हेड एकूण अकरा नटांनी आवळलेले असते. त्यांपैकी चार नट रॉकरच्या दांड्यालाही धरून ठेवतात. केवळ दांडा काढावयाचा म्हणून कोणी तेवढेच चार नट सोडले, तर हेडावर एका बाजूचा ताण राहून ते वाकण्याचा धोका असतो. म्हणून अकराही नट एकत्र, थोडे थोडे, बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे येत सैल करावे लागतात.

‘क्रम कुठला धरायचा?’ आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘डिकीत काही कागद आहेत का बघा. डॉक्टरसाहेब सगळं लिहून ठेवत होते म्हणतात.’

डिकीत स्टेपनीच्या मागे, मेणकापडात गुंडाळलेली एक वही आणि एक पुठ्ठा सापडला. पुठ्ठ्याला एका ओळीत आठ भोके होती. प्रत्येकाखाली वडिलांच्या अक्षरात आकडे, १ ते ८, आणि एका टोकास ‘पुढची बाजू’. वहीत अकरा नटांची आकृती होती. मधल्या नटास १, त्याच्या भोवतालच्यांस २, ३, ४ असे वाढत जाणारे आकडे, आणि खाली टीप : ‘आवळताना १ ते ११. सोडताना ११ ते १.’

पुठ्ठा कशाचा, हे आम्हांस कळले नाही. मिस्त्रीला तत्काळ कळले. नट निघाले, रॉकरचा दांडा निघाला. मग त्याने एकेक पुशरॉड किंचित फिरवून अलगद वर घेतला आणि पुठ्ठ्याच्या आपापल्या भोकात उभा केला. फिरवून घ्यावयाचा तो अशासाठी की, तेलाने चिकटलेला खालचा टॅपेट त्याच्यासोबत वर ओढला जाऊ नये. वर्षानुवर्षे प्रत्येक पुशरॉड आपल्या जागी, आपल्या जोडीदाराशी घासून घासून जुळलेला असतो. त्याला परत त्याच जागी बसवावयाचे. एकाच बाकावर वर्षभर बसलेल्या मुलांना उगाच उठवू नये, तसे हे आहे.

आता हेड उचलावयाचे. नट निघाले तरी ते हलेना. आम्ही आपले सहज स्क्रू-ड्रायव्हर उचलून सांध्यात घालावयास निघालो, तोच विद्यार्थी जवळजवळ ओरडला, ‘सर, नको!’ आयुष्यभर वर्गात हा शब्द आम्ही उच्चारला. तो आम्हांस उद्देशून प्रथमच उच्चारला गेला. सांध्यात पोलाद घातले की सपाट पृष्ठभागावर ओरखडा उठतो आणि त्याच ओरखड्यातून पुढे पाणी वाट काढते. त्याऐवजी त्याने लाकडी हातोडीने दोन्ही बाजूंस हलके ठोके दिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा पुढून हँडल घालून इंजिन दोन फेरे फिरवले. प्लग जागीच ठेवण्याचे कारण आता उमगले. पुशरॉड नसल्याने सर्व झडपा मिटलेल्या, प्लग बसलेले. पिस्टन वर येताच आत कोंडलेल्या हवेने स्वतःच हेड ढकलले. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि सांधा सुटला. मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ते बिडाचे ओझे स्टडांवरून सरळ वर उचलले. तिरके उचलले तर ते स्टडांत अडकते.

आतील दृश्य आमच्या कायम लक्षात राहील. चार पिस्टनांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा काजळीने काळेकुट्ट. तिसरा मात्र लख्ख, जणू राखेने घासलेला. आम्ही म्हटले, ‘हा एक तरी निरोगी दिसतो.’ विद्यार्थी हसला. ‘सर, आजारी तोच. पाणी जाऊन वाफेनं धुतलाय त्याला.’ आणि खरेच, तिसऱ्या सिलिंडराच्या कडेशी, पाण्याच्या छिद्राजवळ, पॅकिंग करपून तुटले होते. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, तरी जो स्वच्छ आणि गप्प तो ठीक आहे, हा समज आमच्या मनातून गेला नव्हता.

जुने पॅकिंग खरवडताना एक सावधगिरी बाळगावी. पूर्वीच्या कित्येक पॅकिंगांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून कोरडे घासू नये. भिजवून, नाकातोंडावर मास्क बांधून काढावे आणि पुसलेली चिंधी पिशवीत बंद करून टाकावी. काजळी काढताना सिलिंडरांत व पाण्याच्या वाटांत स्वच्छ कापडाचे बोळे घातले, आणि काम संपल्यावर ते मोजून बाहेर काढले. शस्त्रक्रियेनंतर बोळे मोजतात, हे डॉक्टरांच्या घरात वाढल्यामुळे आम्हांस ठाऊक होते.

तिसऱ्या प्रहरी हेड घेऊन आम्ही उद्यमबागेत गेलो. बेळगावचा हा औद्योगिक परिसर ओतकाम आणि यंत्रकाम यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिराने हेडावर पोलादी सरळपट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. इंचाच्या दोन हजारांश जाडीची पात मध्यभागी सहज गेली, चार हजारांशाचीही गेली. म्हणजे घाटातल्या तापाने हेड वाकले होते. तडा आहे का, हे रंगद्रव्य लावून तपासले, सुदैवाने नव्हता. ग्राइंडिंग मशीनवर पृष्ठभाग लागेल तेवढाच, अगदी बारीक, घासून सपाट केला.

त्याच कारागिराने झडपांच्या बैठका दाखवल्या. त्या आत खचू लागल्या होत्या. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत आणि त्याचा पातळ लेप या बैठकांचे रक्षण करी. शिसे आरोग्यास अपायकारक म्हणून फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते योग्यच झाले. परंतु शिशाच्या काळात घडवलेल्या बिडाच्या हेडांना कठीण पोलादी बैठका बसवून घेणे हिताचे असते. आम्ही त्या बसवल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घोटून घेतले. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही त्याच वेळी बदलल्या.

जोडणी म्हणजे उतरवणीचा उलटा पाठ. नव्या पॅकिंगवर वरची बाजू कोणती आणि पुढची कोणती, हे छापलेले असते. ते वाचूनच ते बसवावे. नट वडिलांच्या आकृतीप्रमाणे, मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. शेवटचा टप्पा अंदाजाने नव्हे, तर टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका. कमी आवळले तर गळते, जास्त आवळले तर स्टड तुटतो.

राहिली रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट. तिच्यासाठी मिस्त्री लोक नवाचा नियम वापरतात. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना आठव्याची फट जुळवावी; तिसरा दबलेला असताना सहाव्याची. बेरीज नेहमी नऊ. पस्तीस गुण मिळवणारा आमचा विद्यार्थी ही बेरीज तोंडाने म्हणत म्हणत आठही फटी एका दमात जुळवून गेला. आम्ही फीलरची पात हाती घेऊन उभे होतो. जिचे व्याकरण आपण शिकवतो त्या भाषेपलीकडेही व्याकरणे असतात, आणि ती तितकीच काटेकोर असतात.

पाणी मिसळलेले तेल काढून नवे भरले; थोडे चालवून तेही बदलले. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही अंतर चालवून नट व फटी पुन्हा तपासल्या. इंजिन सुरू झाले तेव्हा आई पायरीवर बसली होती. धूर दिसत नाही हे पाहून ती आत गेली आणि चहा ठेवला. भंगाराचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बंधूंनी पेट्रोलच्या नळ्यांचे पैसे मुकाट्याने दिले.

त्या रात्री वडिलांची वही आम्ही नीट वाचली. गाडीचीही त्यांनी रुग्णाच्या केसपेपरासारखी नोंद ठेवली होती : लक्षणे, निदान, उपचार. १९९१ सालच्या पानावर लिहिले होते : ‘हेड उतरवले. पॅकिंग जळाले. पाणी तीन आठवडे कमी होत होते, दिसत होते. कारण : दुर्लक्ष. माझे.’

म्हणजे तेही चुकले होते. फरक एवढाच, की आम्ही ‘जुनी गाडी’ म्हणून तिच्यावर दोष ढकलला. त्यांची गाडी त्या वेळी तेरा वर्षांची होती. तरीही त्यांनी दोष स्वतःच्या नावावर लिहिला, आणि पुढच्यास पुन्हा शोधाशोध करावी लागू नये म्हणून पुठ्ठा जपून ठेवला.

आम्ही त्या नोंदीखाली आमची नोंद लिहिली. लक्षणे लिहिली, निदान लिहिले, उपचार लिहिला. ‘कारण’ या शब्दापुढे काय लिहावे, याचा विचार करावा लागला नाही. मग वही आणि पुठ्ठा मेणकापडात बांधून डिकीत, स्टेपनीच्या मागे, होते तेथेच ठेवून दिले.